मास्तरांचा उजवा पाय

बाप कसा असावा, या विषयावर मास्तरांचं भाषण कायम तयार असायचं, आणि ते ऐकताना उठून जायची सोय नसलेले श्रोते देवाने त्यांना रोज नेमून दिले होते. मास्तर गाडी शिकवायचे. शिकणाऱ्याचे दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटलेले, दोन्ही पाय खाली गुंतलेले, नजर समोरच्या ट्रकवर आणि जीव मुठीत. असा माणूस 'हो' म्हणण्यापलीकडे काय करणार?

"बाप म्हणजे काय," खिडकीवर कोपर टेकवून मास्तर सुरू करायचे, "दुसरा गिअर टाका... बाप म्हणजे बाजूच्या सीटवरचा माणूस. आरसा बघा. तो असावा, पण जाणवू नये. आता क्लच सोडा. हळू, हळू, आत मूल झोपलंय आणि तुम्ही दार लोटताय, असा सोडा. हां. पोराच्या हातात एकदा स्टिअरिंग दिलं की आपले हात मांडीवर. हे ज्याला जमलं तो बाप. बाकीचे नुसतेच वडील."

शिकणारा बिचारा मान डोलवायचा. मानेबरोबर गाडीही डोलायची. मग मास्तर दोन बोटांनी स्टिअरिंग सरळ करायचे आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचे.

ज्याने शिकवायची गाडी कधी आतून पाहिली नाही, त्याच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. तिच्यात ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शिकवणाऱ्याच्या. दोन्ही एका जाड तारेने जोडलेले. शिकवणाऱ्याने आपला दाबला की शिकणाऱ्याचाही आपोआप खाली जातो आणि गाडी थांबते. बाकीच्या शाळांतले मास्तर या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवूनच पेपर वाचतात. आपल्या मास्तरांचा बाणा वेगळा होता. पहिले काही धडे झाले की ते आपला उजवा पाय उचलायचे, सीटखाली मागे ओढायचे आणि डाव्या पायाची आढी घालून त्याला तिथे जखडून टाकायचे. "आता तुम्ही आणि तुमचा देव," असं शिकणाऱ्याला सांगायचे. शिकणाऱ्याची पाचावर धारण बसायची, तोंडातून ओळखीच्या-अनोळखी सगळ्या देवांची नावं निघायची, पण माणूस गाडी शिकायचा. मास्तरांचे विद्यार्थी पहिल्या फटक्यात पास होतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. नसेल ठाऊक त्याला मास्तर स्वतः थांबवून सांगायचे.

बापांची पारख ते परीक्षेच्या मैदानाच्या फाटकाशी करायचे. पोर गाडीत बसून आत गेलं की बाहेर उरलेले बाप बघण्यासारखे असत. एक जण गाडी वळेल तसा स्वतः वळायचा. एक जण शेजारच्या अनोळखी माणसाला आपण याच वयात किती लांबचा प्रवास एकट्याने केला ते सांगायचा, आणि तो शेजारचाही तेवढ्याच जोरात आपला प्रवास सांगत असायचा. कोपऱ्यावरचे औषधवाले तर मुलाच्या परीक्षेच्या वेळी चक्क रुमाल चावत उभे होते.

"औषधवाले, रुमाल सोडा," मास्तर म्हणाले होते. "पोरगा चालवतोय. तुमच्या चावण्याने गाडीला काय वेग येणार आहे?"

"तुमचं बरं आहे मास्तर. तुमचं पोर नाही ना आत."

"माझं असतं तरी मी असाच उभा असतो. हाताची घडी, तोंडावर हसू. ज्याला पोराला सोडता येत नाही त्याने पोर जन्माला घालू नये."

औषधवाल्यांचा मुलगा पास झाला. औषधवाल्यांनी आनंदाने मास्तरांना खोकल्याच्या गोळ्यांचा अख्खा डबा दिला. गोळ्यांची मुदत संपत आली होती, पण भावना ताजी होती.

मास्तरांच्या या सगळ्या तत्त्वज्ञानाची मुळं त्यांच्या वडिलांत होती. ते बस चालवायचे. अंगाने आडवे, बोलायला कंजूष. सुट्टीच्या दिवशी मुलाला बसमध्ये आपल्या पाठीमागच्या सीटवर बसवायचे आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्याशी एकच वाक्य बोलायचे, "हात लावू नकोस." हॉर्नला नको, गिअरला नको, आरशाला नको. मुलगा त्यांच्या मानेवरच्या घामाकडे बघत मोठा झाला. शेवटी तो गाडी शिकला ती एका लाकडाच्या वखारीच्या मालकाकडे, वडिलांना पत्ता लागू न देता. वडील गेले तेव्हा त्यांच्या मुलाला गाडी चालवता येते हे त्यांना माहीत होतं की नाही, हे देवालाच ठाऊक. "त्यांनी मला हात लावू दिला नाही," मास्तर म्हणायचे, "म्हणून मी जगाला हात लावायला शिकवलं." हे वाक्य ऐकून शिकायला आलेल्या दोन बायकांनी गाडी चालवता चालवता डोळे पुसले होते, आणि त्यातल्या एकीने गाडी फुटपाथवर चढवली होती.

मास्तरांना एकच मुलगी. कॉलेजात रसायनं शिकली, बारीक चणीची, बोलायला आईसारखी धारदार, हसताना बापासारखी सगळे दात दाखवणारी. तिला पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. काम असं की गाडी घ्यायची, शहराबाहेरच्या विहिरी, टाक्या, तलाव फिरायचे, बाटल्यांत पाण्याचे नमुने भरायचे, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या आणि संध्याकाळपर्यंत परत आणायच्या. गाडी प्रयोगशाळेची, ड्रायव्हर नाही. म्हणून दोन महिन्यांत लायसन्स आणून दाखवा, नाहीतर जागा दुसऱ्याला, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"हात्तिच्या," मास्तर म्हणाले. "ज्याच्या घरी विहीर त्याच्या पोरीला तहानेची काय काळजी?"

"विहीर गोड्या पाण्याची आहे का, ते मी तपासून सांगते," लेक म्हणाली.

शिकवणी सुरू झाली. मास्तर खूष, लेक खूष. पहिल्याच दिवसापासून तिच्या हातात गाडी लोण्यासारखी चालू लागली. कोपरा आला की गाडी अलगद हळू व्हायची, सिग्नलला पांढऱ्या रेघेच्या वीतभर अलीकडे थांबायची, समोर कुत्रं आलं तर कुत्र्याला कळायच्या आधी उभी राहायची. लेक ब्रेकवर पाय टेकवायची आणि पाय खाली जायचा. एवढंच. "रक्तातच आहे," मास्तर घरी येऊन बायकोला सांगायचे. "माझी पोर आहे. शिकवावं लागतच नाही." बायकोला सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणायची. त्या पोळपाटावरून मान न उचलता म्हणायच्या, "रक्तात असेल तर रोज एवढं पेट्रोल कशाला जाळता?"

परीक्षेच्या दिवशी मास्तर फाटकाशी हाताची घडी घालून, तोंडावर हसू आणून उभे राहिले. बाजूच्या सीटवर परीक्षक साहेब बसले. हे साहेब फार बोलत नसत. परीक्षा घेताना दोन्ही पाय मागे ओढून बसत. गाडी सुरू झाली, सुरेख वळली, आठचा आकडा काढला, चढ चढली. मग थांबायची रेघ आली. गाडी रेघेवरून शांतपणे पुढे गेली, आणि आपलं काहीतरी राहिलंय असं आठवल्यासारखी पलीकडे जाऊन थांबली.

नापास.

"रेघ पुसट होती," घरी आल्यावर मास्तर म्हणाले.

"औषधवाल्यांच्या मुलाला दिसली होती," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"तेव्हा नवीन रंग होता."

दुसऱ्या वेळी साहेबांनी हात वर केला की थांबायचं होतं. साहेबांनी हात वर केला. गाडी चालत राहिली. साहेबांचा हात खाली आला, खिशात गेला, खिशातून चष्मा पुसायचं फडकं बाहेर आलं, तेव्हा गाडी थांबली. पुन्हा नापास.

या वेळी मास्तरांना राहवलं नाही. ते फाटक ओलांडून आत गेले. ऊन डोळ्यांवर होतं, सीट पुढे होती, हात वर करायची पद्धत चुकीची होती, असा सगळा पाढा त्यांनी वाचला. साहेबांनी तो पुरता ऐकून घेतला.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमची मुलगी गाडी उत्तम चालवते. फक्त थांबवत नाही."

मास्तरांना हे तोंडात मारल्यासारखं लागलं. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस थांबत नाही? ते घरी येईपर्यंत साहेबांच्या सात पिढ्या मोजत आले. घरी आल्यावर लेक खुर्चीवर बसली, पायातले बूट काढले आणि उजव्या पायाकडे बघत राहिली.

"बाबा, तुमच्यासोबत असते तेव्हा सगळं जमतं. तिकडे पायच हलत नाही. म्हणजे मला कळतं की थांबायचंय, मी पाय ठेवते, आणि काहीच होत नाही. माझ्यातच काहीतरी बिघाड आहे."

"काही बिघाड नाही. परीक्षेची भीती आहे."

"दोनदा? मी प्रयोगशाळेत सांगते, मला बसून करायचं काम द्या. बाटल्यांची बुचं लावते. दुसरं कोणी जाऊ दे विहिरींवर."

आणि इथे मास्तरांचा चेहरा उजळला. मास्तरीणबाईंनी तो बघितला. त्या चेहऱ्याचं त्यांना नंतर बरेच दिवस वाईट वाटत राहिलं, कारण त्यात खोटेपणा अजिबात नव्हता.

"बुचं कशाला लावायची?" मास्तर म्हणाले. "मी आहे ना. मीच तुला नेत जाईन विहिरींवर. सकाळच्या शिकवण्या बंद करतो. तू नमुने घे, मी गाडीत बसतो. आपण दोघं. डबा बरोबर घेऊ."

"आणि बाटल्याही तुम्हीच भरा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तिला घरी झोपू दे."

लेक हसली नाही. उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंना त्यांच्या आजारी बहिणीकडे जायचं होतं. लेकीची शिकवणी आणि हे काम एकत्र उरकायचं ठरलं. लेक चालवायला, मास्तर बाजूला, मास्तरीणबाई फळांची पिशवी मांडीवर घेऊन मागे. त्या शिकवायच्या गाडीत कधी बसत नसत. गाडीच्या डोक्यावर पाटी लावून फिरायची त्यांना लाज वाटायची. बसल्या बसल्या त्या मनातल्या मनात देवाचं नाव घेत होत्या, आणि देवाचं नाव घेताना माणसाची नजर जिथे जाते तिथे गेली, म्हणजे समोरच्यावर. समोर मास्तरांचा उजवा गुडघा होता.

"अहो, तुमच्या गुडघ्याला काय झालंय?"

"काय व्हायचंय?"

"उड्या मारतोय."

"रस्ता खराब आहे."

"फक्त उजव्या गुडघ्यालाच?"

मास्तर लेकीला पुढचा चौक समजावून सांगण्यात गुंतले होते. लेकीने आरशातून आईकडे पाहिलं. आईने मास्तरांच्या पायांकडे हनुवटीने खूण केली. लेक पुन्हा समोर बघू लागली.

गिरणीच्या मागच्या चौकात रहदारी नसते. चौक जवळ आला. लेकीने क्लच दाबला, उजवा पाय ब्रेकवरून उचलला आणि बाजूला, चटईवर, सपाट ठेवला. स्टिअरिंगवरचे हात तिने हलवले नाहीत. गाडी अलगद हळू झाली आणि पांढऱ्या रेघेच्या वीतभर अलीकडे थांबली.

"छान," मास्तर म्हणाले.

"कोण छान?" लेक म्हणाली.

"तू."

"माझा पाय इकडे आहे, बाबा. बघा."

मास्तरांनी तिचा पाय बघितला. मग स्वतःकडे, खाली बघितलं. त्यांचा उजवा पाय पेडलवर होता. दुसऱ्या कोणाचा तरी पाय चुकून आपल्या विजारीत आल्यासारखे ते त्याच्याकडे बघत राहिले. डावा पाय आढी घालून सीटखाली बसला होता. त्या आढीत जखडायला कोणी उरलंच नव्हतं.

"मी मागे घेतला होता," ते म्हणाले.

"कधी?"

"नेहमीच घेतो."

"बाबा, मी पहिल्या दिवसापासून एकदाही ब्रेक दाबला नाहीये. माझा पाय नुसता वर असायचा, खालून तुम्ही दाबायचात. मला वाटायचं मीच दाबते."

मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत बाजूने गेला.

"दोनदा नापास झाले मी," लेक म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि मास्तरांना तो चढलेला परवडला असता. "रात्र रात्र मला वाटत होतं मी ढ आहे. औषधवाल्यांच्या पोराला तुम्ही पहिल्या आठवड्यात सोडून दिलंत. त्याला तर डावं-उजवं कळत नव्हतं."

"त्याचं वेगळं."

"काय वेगळं?"

"त्याला काही झालं असतं तर..." मास्तर बोलता बोलता थांबले. पण वाक्य एवढं पुढे आलं होतं की उरलेलं सगळ्यांना दिसलंच. औषधवाल्यांच्या पोराला काही झालं असतं, तर ते औषधवाल्यांचं पोर होतं. इतकी वर्षं मास्तरांनी गावातली पोरं जी निधड्या छातीने सोडली, ती दुसऱ्यांची होती.

"म्हणजे लोकांच्या पोरांना शिकवायचं आणि स्वतःच्या पोरीला मिरवायचं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "अहो, देव एवढा मोठा बाप. सगळ्या जगाच्या हातात गाडी दिली त्याने, आणि माणसं कशी चालवतात ते तो रोज बघतो. त्यानेसुद्धा दोन ब्रेकची गाडी काढली नाही. तुम्ही त्याच्यापेक्षा शहाणे."

"देवाला पुष्कळ आहेत," मास्तर हळूच म्हणाले. "मला एकच आहे."

मास्तरीणबाईंनी पिशवीतलं एक सफरचंद खालीवर केलं आणि म्हणाल्या, "चला आता. माझी बहीण बरी होऊन कामाला जाईल आपण पोचेपर्यंत."

त्या दिवसापासून मास्तरांनी पाय आवरायचा मनापासून प्रयत्न केला. मांडी घालून बसले, तर कोपऱ्यावर मांडी सुटली. दोन्ही हातांनी गुडघा धरून बसले, भुंकणारं कुत्रं साखळीला धरावं तसा, तर गुडघा हातांसकट खाली गेला. एकदा तर त्यांनी बूट काढून मागच्या सीटवर टाकला आणि पाय अनवाणी ठेवला, म्हणजे गार पेडल लागलं की जाग येईल. जाग आली, पण दाबून झाल्यावर. प्रत्येक वेळी लेक न बोलता गाडी बाजूला घ्यायची, थांबायची आणि त्यांच्या पायाकडे बघायची. मास्तर म्हणायचे, "आता नाही." पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा तेच.

"तुम्ही उतरा," एकदा तिने सांगून टाकलं. "मी पलीकडच्या शाळेत जाते. त्या मास्तरांना पेपर वाचायचा असतो, निदान कुठेतरी बातमी आली की त्यांचा पाय सैल पडत असेल."

मास्तरांची मुलगी दुसऱ्याच्या पाटीखाली गाडी शिकते, ही बातमी औषधवाल्यांच्या दुकानातून अंगदुखीच्या मलमाबरोबर घरोघर गेली असती. इतकी वर्षं उंटावरून शेळ्या हाकल्या, आता सगळं गाव शेळीच्या बाजूने उभं राहणार होतं. पण त्यांना ते त्या क्षणी तितकं लागलं नाही. लागलं ते दुसरंच. ती ज्या सुरात 'तुम्ही उतरा' म्हणाली होती, त्या सुराला उत्तर म्हणून त्यांच्या मनात जे वाक्य आलं, ते होतं, 'हात लावू नकोस.' शब्द वेगळे असतील, गाडी वेगळी असेल, पण पोरीला पाठीमागच्या सीटवर बसवून त्यांनीही बसच चालवली होती. आणि त्यांच्या वडिलांनी निदान सांगून तरी चालवली होती.

परीक्षा जवळ आली होती. मास्तरांनी शिकायला येणाऱ्या सगळ्यांना गाडी आजारी आहे म्हणून कळवलं. दुपारी त्यांनी गाडी घरामागे घेतली, पोतं अंथरलं आणि पक्कड घेऊन बाजूच्या सीटखाली डोकं घातलं. मास्तरीणबाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांना नवऱ्याचे नुसते पाय बाहेर दिसत होते. बराच वेळ लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, मग एक बारीक शिवी, मग शांतता. मास्तर बाहेर आले तेव्हा कपाळाला काळं लागलं होतं आणि हातात एक जाड तार होती.

"काय केलंत?"

"काही नाही. थोडं जड झालं होतं, हलकं केलं."

मास्तरीणबाईंनी तार बघितली, नवऱ्याचं कपाळ बघितलं, आणि हातातली ओली चादर तशीच पुढे केली. "पुसा. असे बाहेर जाऊ नका." त्यांनी मनात देवाला एक वाक्य बोलून ठेवलं. ते काय होतं, ते त्यांचं आणि देवाचं.

शहराबाहेर बंद पडलेल्या एका गोदामाचं आवार होतं. तिथे रिकामे ड्रम पडलेले. मास्तरांनी चार ड्रम ओळीने लावले आणि लेकीला म्हणाले, "सरळ ये आणि यांच्या अलीकडे थांब."

ते बाजूला बसले. या वेळी त्यांनी पाय मागे घेतला नाही, तो सरळ पेडलवर ठेवला. लेकीने तो बघितला आणि इंजिन बंद केलं.

"पुन्हा?"

"ठेवू दे. त्याला काही कनेक्शन नाही. तार काढली."

लेकीला वाटलं थट्टा आहे. तिने वाकून हाताने त्यांचं पेडल दाबलं. ते सैल दारासारखं खालीवर झालं, आणि तिच्या बाजूचं पेडल जागेवरून हललं नाही.

"आता ब्रेक एकच आहे," मास्तर म्हणाले. "तुझा."

पहिल्या खेपेला ड्रम जवळ आले तेव्हा मास्तरांचा पाय सवयीने खाली गेला, मग आणखी खाली, मग त्यांनी सीटला पाठ रेटून दोन्ही पायांनी दाबलं. त्यांच्या बाजूने काहीही झालं नाही. गाडी ड्रमवर जाऊन धडकली. ड्रम गडगडत आवारभर फिरला आणि भिंतीला लागून थांबला. गाडीच्या पुढच्या दिव्याची काच खाली सांडली.

"बाबा, तुम्ही दाबलंत ना?"

"दाबलं."

"जोरात?"

"जेवढं होतं तेवढं."

"आणि?"

"काही झालं नाही."

लेक आधी हसली, मग हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग तिने नाक पुसून गाडी मागे घेतली. "परत लावा ड्रम," ती म्हणाली. "मी उशिरा दाबलं. कधी दाबायचं तेच मला माहीत नाही अजून."

मास्तर उतरले, ड्रम ढकलत आणून पुन्हा जागेवर उभा केला. दुसऱ्या खेपेला ड्रमला नुसता धक्का लागला. तिसऱ्याला गाडी इतकी आधी थांबली की मास्तरांचं कपाळ समोर आपटता आपटता वाचलं. त्यानंतर कधी आधी, कधी नंतर, कधी बरोबर. बाप कसा असावा, हा विषय त्या आवारात निघाला नाही. त्यांच्या पायाने मात्र एकही थांबा चुकवला नाही. प्रत्येक वेळी तो आपलं सैल पेडल तळापर्यंत दाबायचा, आणि गाडी आपल्या वेळेने थांबायची, मास्तरांच्या वेळेने नाही. आधी या दोन वेळांत पुष्कळ अंतर होतं. मग ते कमी होत गेलं.

संध्याकाळी घरी आल्यावर मास्तरांची पोटरी दगडासारखी झाली होती. मास्तरीणबाईंनी गरम पाण्याची पिशवी दिली. "गाडी तिने चालवली आणि पाय तुमचा दुखतोय," त्या म्हणाल्या. मास्तरांनी पिशवी पोटरीला लावली आणि डोळे मिटून घेतले. "जरा खाली," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या परीक्षेला ते फाटकाशी उभे राहिले नाहीत. मैदानाच्या भिंतीला टेकून, पाठ करून, रस्त्याकडे बघत उभे राहिले. आत इंजिनाचा आवाज चढला, उतरला, चढला, बंद झाला. थोड्या वेळाने साहेब स्वतः फाटकापर्यंत आले, चष्मा पुसत.

"मास्तर, आज थांबवली."

"कुठे?"

"जिथे थांबवायची होती तिथे."

मास्तरांनी मान हलवली. एरवी त्यांनी यावर एक अख्खी शिकवणी घेतली असती.

मुदत संपायच्या आत लेकीने लायसन्स प्रयोगशाळेत नेऊन दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथली गाडी घेऊन दाराशी आली. पांढरी, साधी, मागे बाटल्यांचे खोके. लांबच्या तलावावर जायचं होतं. मास्तरीणबाईंनी डबा दिला, गाडीच्या टपावर हात ठेवून देवाचं नाव घेतलं आणि "पोचलीस की फोन कर, नाही केलास तरी चालेल, पण कर," म्हणाल्या. मास्तर बूट घालून तयार होते.

"मला मोठ्या रस्त्यापर्यंत सोड," ते म्हणाले. "तिकडे थोडं काम आहे."

"काय काम?"

"आहे."

लेकीने दार उघडून दिलं. मास्तर बाजूला बसले. त्यांनी खाली पाहिलं. त्यांच्या पायाशी सपाट चटई होती, बाकी काही नाही. गाडी निघाली. औषधवाले दुकानाचं शटर वर करत होते. त्यांनी हात केला, मास्तरांनीही केला. मोठ्या रस्त्याचा चौक जवळ येऊ लागला. सिग्नल लाल होता, पुढे एक ट्रक उभा होता, अजून पुष्कळ लांब. मास्तरांचा उजवा पाय चटईवर दाबला गेला. त्यांनी तो लपवायला गुडघ्यावर हात ठेवला आणि खिडकीबाहेर बघू लागले.

लेकीने समोरून नजर हटवली नाही. पण तिने ब्रेक दाबला, अजून दाबायची काही गरज नव्हती तेव्हाच, आणि गाडी ट्रकच्या कितीतरी अलीकडे, अलगद थांबली. मागच्या मोटारसायकलवाल्याने वैतागून हॉर्न वाजवला. परीक्षेत असं थांबलं की साहेब गुण कापतात.

मास्तरांचा पाय सैल झाला. "उतरतो इथेच," ते म्हणाले, आणि उतरले.